फोन काढून घेतला की भागतं का? लैंगिक गुन्ह्यातल्या दोषींवरच्या इंटरनेट-अटी, सोप्या भाषेत

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्याखालच्या, खटल्यात निकाल लागतो, शिक्षा होते, आणि काही दिवसांतच तो माणूस पुन्हा गल्लीत दिसतो. हातात नवा मोबाईल. सोलापुरात अशा निकालानंतर कोर्टाच्या आवारात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. शिक्षा झाली तर हा बाहेर कसा? आणि बाहेर आहे तर याच्या हातात फोन कसा दिला? गुन्ह्याची सुरुवातच फोनवरून झालेली असेल तर दुसरा प्रश्न मुलाच्या आईबापांना रात्र रात्र झोपू देत नाही.

उत्तर आहे, पण ते कायद्याच्या तीन-चार पुस्तकांत विखुरलेलं आहे. शिवाय ‘कोर्टाने इंटरनेट बंदी घातली’ अशी बातमी आली की लोकांना वाटतं, कुठंतरी एक बटण दाबलं आणि त्या माणसाचं नेट बंद झालं. असं बटण नाही. जे आहे ते नीट वापरलं तर उपयोगी पडतं आणि ढिसाळ वापरलं तर कागदावरच राहतं.

शिक्षा वेगळी, अट वेगळी

भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षेचे सहा प्रकार दिले आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सक्तमजुरी किंवा साधी कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा. या यादीत ‘मोबाईल वापरण्यास मनाई’ नाही. म्हणून भारतातला न्यायाधीश निकालपत्रात ‘५ वर्षं कैद आणि नंतर १० वर्षं इंटरनेट बंद’ असं लिहू शकत नाही. अट मात्र घालता येते.

घरमालक भाडेकरूला ‘रात्री अकरानंतर गोंगाट नको’ असं सांगू शकतो, कारण घर त्याचं आणि करार चालू असतो. भाडेकरू किल्ली परत देऊन गेला की ती अटही गेली. न्यायालयाचंही तसंच आहे. माणूस न्यायालयाच्या मेहरबानीवर बाहेर असेल तेवढा काळ अट घालता येते. पूर्ण शिक्षा भोगून तो सुटला की न्यायालयाचा हात सुटतो.

ही मेहरबानी तीन वेळा मिळू शकते. खटला चालू असताना मिळते तो जामीन. दोषी ठरल्यावर, अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती मिळते आणि त्याबरोबर जामीन होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३० त्यासाठी आहे. तिसरी वेळ तुरुंगातून मिळणाऱ्या रजेची. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. रजा तुरुंग प्रशासनाकडची बाब आहे आणि महाराष्ट्रात ती राज्याच्या रजा नियमांनुसार चालते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ३ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं न्यायालयच त्याला अपील करण्यापुरता वेळ देऊन बाहेर ठेवू शकतं. पोक्सोच्या कलम १२ मधल्या लैंगिक छळाला कमाल शिक्षा ३ वर्षं आहे. मुलाला अश्लील मेसेज पाठवणं, फोनवरून सतत पाठलाग करणं हे प्रकार त्यातच मोडतात. म्हणजे फोनवरून गुन्हा केलेलाच माणूस निकालाच्या संध्याकाळी घरी दिसण्याची शक्यता जास्त.

सोलापूरच्या प्रकरणात अट कोण घालतं

पोक्सोचा खटला जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात चालतो. अपील उच्च न्यायालयात जातं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. त्यामुळे स्थगितीचा अर्ज आता मुंबईऐवजी कोल्हापुरात चालतो. बऱ्याच कुटुंबांना हा बदल माहीत नसतो.

जामीन देताना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली न्यायालय तीन नेहमीच्या अटी घालतं: हजर राहणं, तसाच गुन्हा पुन्हा न करणं, साक्षीदारांना न धमकावणं. त्यानंतर कायदा म्हणतो की न्यायाच्या हितासाठी आवश्यक वाटतील त्या इतर अटीही घालता येतील. फोन आणि इंटरनेटबद्दलची प्रत्येक अट या एवढ्याशा फटीतून आत येते. देशातल्या काही उच्च न्यायालयांनी जामीन देताना समाजमाध्यमांपासून लांब राहण्याची अट घातलेली आहे, ती याच अधिकारात.

फट अरुंद आहे म्हणून अट कोणी मागितलीच नाही तर बहुधा ती येतही नाही. मागणार कोण? सरकारी वकील, आणि पीडित बालकाचं कुटुंब. पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे कुटुंबाला आपला वकील देता येतो. पोक्सोच्या प्रकरणात जामीन अर्जाची नोटीस पीडित बालकाच्या बाजूलाही मिळाली पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस आली की ‘जामिनाला विरोध आहे’ एवढं म्हणून थांबू नये. विरोध फेटाळला गेला तर निदान कोणत्या अटी हव्यात, हे त्याच दिवशी लेखी द्यावं. ही संधी बहुतेक वेळा वाया जाते, आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं.

इंग्लंड आणि अमेरिका काय करतात

या विषयावरची बरीचशी माहिती परदेशी बातम्यांतून येते आणि तिथला कायदा इथला समजून गोंधळ होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून ‘लैंगिक हानी प्रतिबंधक आदेश’ नावाचा वेगळा आदेश आहे. तो शिक्षेच्या जोडीने निघतो, किमान ५ वर्षांचा असतो, आणि शिक्षा संपल्यावरही चालू राहतो. तो मोडणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. कमाल ५ वर्षं कैद. अमेरिकेत संघीय गुन्ह्यांसाठी ‘देखरेखीखालची सुटका’ असते. ठरावीक लैंगिक गुन्ह्यांत ती किमान ५ वर्षं ते आयुष्यभर असू शकते आणि त्या काळात एक अधिकारी त्या माणसामागे नेमलेला असतो.

आपल्याकडे या दोन्हींच्या तोडीचं काही नाही. पुन्हा दोषी ठरलेल्याला काही ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा संपल्यावर ५ वर्षांपर्यंत राहता पत्ता कळवत राहण्याचा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ खाली देता येतो. पण तो पत्त्यापुरताच, फोनचा त्यात विषय नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती संसदेने भरायला हवी. तोवर जामिनाच्या आणि स्थगितीच्या अटी हेच आपल्या हातातलं साधन आहे.

‘इंटरनेटच बंद करून टाका’ हे टिकत का नाही

पहिली अडचण कायद्याची. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्याने २००८ मध्ये नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांना समाजमाध्यमांवर जाण्याचीच बंदी केली होती. पॅकिंगहॅम खटल्यात १९ जून २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. बंदी इतकी रुंद होती की बातम्या वाचणं आणि नोकरी शोधणंही तिच्यात सापडत होतं. मात्र मुलांशी संपर्क साधण्यासारख्या नेमक्या कृतीवर बंदी घालायला हरकत नाही, असंही न्यायालयाने सुचवलं. त्याआधी २००२ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने हेच सोप्या उदाहरणाने सांगितलं होतं: टेलिफोनवरून फसवणूक केली म्हणून कोणाला आयुष्यात टेलिफोनला हात लावू नको असं सांगत नाहीत. इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही २०११ मध्ये सरसकट बंदी प्रमाणाबाहेरची ठरवली. मग फोन ठेवू द्या, पण त्यात वापराची नोंद राहिली पाहिजे आणि पोलिसांनी मागताच ती दाखवली पाहिजे, असा मार्ग तिथे रूढ झाला. २०१७ मध्ये क्लाउड साठवण आणि देखरेख सॉफ्टवेअर यांचा विचार करून तोच मार्ग पुढे नेला गेला.

भारतात १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ खाली संरक्षित आहे. त्यावर बंधन घालता येतं, पण ते गरजेपुरतं हवं. ८ जुलै २०२४ ला फ्रँक विटस प्रकरणात याच न्यायालयाने जामिनावरच्या आरोपीला गुगल मॅप्सवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसू द्यायला लावणारी अट रद्द केली. तो आरोपी दोषी ठरलेला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. दोषी ठरलेल्याच्या बाबतीत निर्दोषत्वाचं गृहीतक गेलेलं असतं, त्यामुळे स्थगितीच्या वेळी न्यायालय अधिक कडक अटी घालू शकतं. तरी मनमानी अट अपिलात टिकत नाही.

दुसरी अडचण घरातली, आणि ती मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. सोलापूरच्या पूर्व भागातलं, यंत्रमाग कामगाराचं एखादं घर पाहा. यंत्रमागावरची पाळी बदलल्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो. रेशनच्या ई-केवायसीला ओटीपी लागतो. किराणा क्यूआरवर घेतला जातो. मुलांच्या शाळेचा गृहपाठ घरातल्या त्याच एका फोनवर पडतो. अशा घरातल्या माणसाला ‘इंटरनेट वापरू नये’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत अट मोडलेली असते, कोणालाही न दुखावता. मग पोलीस ती मोडणं मनावर घेत नाहीत, न्यायालयही घेत नाही, आणि खरंच एखाद्या मुलीला मेसेज गेला तर तोही त्याच ढिगात हरवतो. रोज मोडली जाणारी अट कोणाचंच रक्षण करत नाही.

पकडता येईल अशी अट कशी लिहावी

‘समाजमाध्यमांचा गैरवापर करू नये’ हे वाक्य आदेशात छान दिसतं, पण पकडता येत नाही. गैरवापर म्हणजे काय, कोण ठरवणार? अटीची एकच कसोटी: ती पाळली की मोडली, हे ठाण्यातल्या हवालदाराला फोन हातात घेऊन सांगता आलं पाहिजे.

सर्वांत आधी संपर्काची अट. पीडित बालक आणि घरचे यांच्याशी कॉल, मेसेज, समाजमाध्यम, दुसऱ्यामार्फत निरोप, कशानेही संपर्क नाही. ही अट कायद्याच्या दृष्टीने सर्वांत पक्की आहे. १८ मार्च २०२१ च्या अपर्णा भट निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला तक्रारदार महिलेकडून राखी बांधून घ्यायला सांगणारी जामिनाची अट रद्द केली आणि आरोपी-पीडिता संपर्क घडवणाऱ्या अटी नकोत असं बजावलं. गुन्हा ऑनलाइन ओळखीतून झाला असेल तर याला आणखी एक अट जोडावी: १८ वर्षांखालच्या, नात्याबाहेरच्या कोणाशीही खासगी संदेशांची देवाणघेवाण नाही.

नंतर उपकरणाची अट. एक स्मार्टफोन, त्यात असलेली सिम, त्यांचे क्रमांक आदेशात. फोनची ओळख आयएमईआय क्रमांकाने पटते. हा १५ अंकी क्रमांक डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यावर पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. दोन्ही लिहून घ्यावेत. एकच लिहिला तर ‘हा तो फोनच नाही’ असा वाद घालायला जागा राहते. वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटला आणि लॅपटॉपला बहुधा आयएमईआय नसतो, तिथे कंपनीचा अनुक्रमांक घ्यावा. खाती वेगळी लिहावीत: ईमेल, इन्स्टाग्राम, टेलिग्राम, ऑनलाइन गेमचंसुद्धा. पुष्कळ मुलांशी पहिली ओळख गेममधल्या चॅटवर होते आणि तीच जागा आदेशात राहून जाते. फोन बिघडला, चोरीला गेला, नवा घेतला, तर तीन दिवसांसारख्या ठरलेल्या मुदतीत ठाण्यात लेखी कळवायचं.

शेवटी नोंदीची अट. ब्राउझरचा इतिहास पुसायचा नाही, खासगी विंडो वापरायची नाही, व्हीपीएन टाकायचा नाही, आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवायचे, फोन फॅक्टरी रीसेट करायचा नाही. व्हीपीएन म्हणजे आपली इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून आणणारं अॅप. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कुठं गेलो ते कळत नाही. या अटीचं महत्त्व लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. पुसलेल्या फोनमध्ये काय होतं हे सिद्ध करणं अवघड असतं. पण ‘पुसायचं नाही’ अशी अट असेल तर पुसलेला फोन सापडणं हाच अटभंग ठरतो.

हजेरीच्या दिवशी दहा मिनिटांत काय दिसतं

ठाण्यात हजेरी लावायची अट असेल तर त्या दिवशी फोन तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आधी आयएमईआय आदेशाशी ताडून पाहायचा. मग व्हॉट्सअॅपमधली ‘लिंक्ड डिव्हाइस’ यादी. मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे घरी ठेवलेला लपवलेला टॅबलेट इथे उघडा पडतो. टेलिग्राममध्ये चालू सत्रांची यादी असते. गुगल खात्यात कोणकोणत्या उपकरणांवरून लॉगिन आहे ते दिसतं, आणि प्ले स्टोअरमध्ये आधी टाकून काढलेली अॅप्सही दिसतात. ही जागा पुसायची आठवण फार कमी जणांना होते.

मग लपवण्याच्या जागा. अँड्रॉइडमध्ये दुसरा वापरकर्ता किंवा पाहुणा वापरकर्ता तयार करता येतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ असते, अँड्रॉइड १५ पासून ‘प्रायव्हेट स्पेस’ आली. काही अॅप्स दिसायला कॅल्क्युलेटर असतात आणि ठरावीक आकडा टाकला की आतला फोटोंचा कप्पा उघडतो. फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर दिसले तर विचारावं. इतिहासात मधलेच चार दिवस कोरे असतील तर तेही लिहून घ्यावं.

एक गुंता मात्र इथे आहे. पासवर्ड सांगायला भाग पाडणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं का, यावर आपल्या न्यायालयांचं एकमत नाही. म्हणून ‘मागितल्यावर फोन उघडून दाखवीन’ हे हमीपत्रातच लिहून घेतलेलं बरं. नकार दिला तर जबरदस्ती करायची नाही. नकाराची नोंद करून न्यायालयाला कळवायचं.

सॉफ्टवेअर लावलं तर?

परदेशात असे फोन देखरेख सॉफ्टवेअरसकट वापरायला देतात. ते ठरावीक शब्द टाइप झाले की इशारा देतं, अधूनमधून पडद्याची प्रतिमा घेतं, आणि फोटोंचे ‘हॅश’ तपासतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशातून माणूस तयार करता येत नाही. तसंच हॅश ठेवला तर मूळ फोटो कुठं साठवावा लागत नाही. साध्या हॅशमध्ये फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. त्यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमाउथ कॉलेज यांनी २००९ मध्ये फोटोडीएनए तयार केलं. फोटो लहान केला, थोडा फेरफार केला, तरी ते ओळखतं. पण त्यालाही आधी नोंद झालेलाच फोटो सापडतो. कालच काढलेला फोटो किंवा नुसत्या गोड बोलण्यातून चाललेलं ग्रूमिंग, म्हणजे मुलाचा विश्वास मिळवत त्याला हळूहळू जाळ्यात ओढणं, त्याच्या नजरेतून सुटतं.

सोलापुरात यात आणखी एक भोक पडतं. शब्दांवर चालणाऱ्या इशाऱ्यांच्या याद्या बहुतेक इंग्रजीत असतात. इथलं चॅट मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी यांची सरमिसळ, तीही रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने. एकाच वाक्यात तीन भाषा असतात. यंत्र अशा वाक्यावरून सरळ पुढे जातं. पूर्व भागात वाढलेला एखादा पोलीस कर्मचारी तेच वाक्य एका नजरेत ओळखेल. यंत्र विकत घेण्याआधी त्या भाषा कळणारा माणूस नेमावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय आयफोनमध्ये अशा सॉफ्टवेअरला मागे राहून फार काही पाहू दिलं जात नाही. अँड्रॉइडवर ते जास्त चालतं.

‘बायकोचा फोन वापरेल, मित्राचा वापरेल’

वापरू शकतो. अट हे कुलूप नाही. दाराला टांगलेली घंटा म्हणा. आणि लपून दुसरा फोन वापरायचा तर सिम लागतं, रिचार्ज लागतो, कुठंतरी लॉगिन करावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी खूण उरते. एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे ९ मोबाईल जोडण्या असू शकतात. आपल्या नावावर किती आहेत ते संचार साथी पोर्टलवर ज्याचं त्याला पाहता येतं. हजेरीच्या वेळी ती यादी त्यालाच उघडून दाखवायला लावली तर आदेशाबाहेरचं सिम समोर येतं. बायकोच्या नावावरचं येत नाही, हेही खरं. म्हणून घरात सामाईक उपकरण असेल तर ते आधीच जाहीर करायची अट हवी.

या अटींचा उपयोग कुठे संपतो, तेही सांगायला हवं. बहुतांश प्रकरणांत गुन्हेगार मुलाच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, शिकवणीवाला. तिथे फोनच्या अटीपेक्षा ‘त्या घरात, त्या गल्लीत, त्या शाळेपाशी जायचं नाही’ ही अट मोलाची.

‘असल्या माणसाला कसला आलाय हक्क?’

राग अगदी बरोबर आहे. पण अट माफक ठेवण्यात फायदा मुलाचाही असतो. कोल्हापुरात अपिलात रद्द झालेली कडक अट म्हणजे शून्य अट. टिकलेली साधी अट वर्षानुवर्षं चालते. शिवाय मजुरी बुडाली, ओळखीपाळखी तुटल्या, हाताला काम उरलं नाही, तर माणूस नजरेआड जातो. नजरेआड गेलेल्याचा फोन कोण तपासणार?

‘मग नाव तरी जाहीर करा’

२० सप्टेंबर २०१८ ला केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो आणि फक्त पोलीस यंत्रणेलाच ती पाहता येते. सामान्य माणसाला उघडत नाही. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुन्हेगाराचा फोटो फिरवण्याआधी थांबा. ओळखीतल्या प्रकरणात त्याचं नाव, त्याचं नातं कळलं की मूल कोण ते आपोआप कळतं. मुलाची ओळख उघड करणं हा पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. आरोपीच अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायदा लागतो आणि हे सगळं गणितच बदलतं.

अट मोडल्याचं दिसलं तर

आपल्याकडे अटभंग हा इंग्लंडसारखा वेगळा गुन्हा नाही. जामीन रद्द होऊ शकतो आणि जातमुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते. दोषी ठरून स्थगितीवर असलेल्याचा जामीन रद्द करायला सरकारी वकील अर्ज देऊ शकतात, हे कलम ४३० मध्येच लिहिलं आहे. त्यासाठी पुरावा लागतो आणि पुरावा बहुधा घाईत बिघडतो.

मेसेज आला तर उत्तर देऊ नका. खोटं खातं काढून त्याला बोलतं करायचा मोह अनेकांना होतो. ते टाळा, कारण ‘यांनीच उचकवलं’ हा बचाव त्याला आयता मिळतो. स्क्रीनशॉट असा घ्या की तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं खातं एकाच चित्रात येईल. नुसतं दिसणारं नाव क्षणात बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची पूर्ण लिंक लिहून ठेवा. हे झाल्यावरच ब्लॉक करा. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅशही लिहावा लागतो. उशीर करू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे समाजमाध्यम कंपन्यांनी काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची माहिती १८० दिवस जपायची असते. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर हाती काही लागेलच असं नाही.

याला एक कडक अपवाद आहे. मेसेजमध्ये मुलाचं लैंगिक चित्र असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, वकिलालाही पुढे पाठवायचं नाही. असं चित्र पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. ते न कळवता साठवून ठेवणंही पोक्सोच्या कलम १५ च्या कचाट्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात उलगडून सांगितलं आहे. फोन आहे तसा घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलाच्या मदतीसाठी १०९८, तातडीला ११२.

हे सगळं न्यायालयाचा हात पोचतो त्या काळापुरतं. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसावर फोनची एकही अट उरत नाही. त्याने पुन्हा मुलाला गाठायला सुरुवात केली तर अटभंगाचा अर्ज घेऊन जुन्या न्यायालयात जाऊ नका, वेळ जाईल. पोक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने मुलाचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून संपर्क साधत राहणं हाच लैंगिक छळ म्हटला आहे. सरळ जवळच्या ठाण्यात नवी फिर्याद द्या, आणि सोबत जुन्या निकालपत्राची प्रमाणित प्रत न्या.